खाट कुठे टाकणार?

नमस्कार श्रोतेहो. गावचं घर विकायचं आणि जळगावला नाहीतर धुळ्याला आई-वडील, मुलं, नातवंडं मिळून राहतील असं घर घ्यायचं, हा बेत आज आपल्याकडे बऱ्याच घरांत चालला आहे. दर बघतात, रस्ता बघतात, पार्किंग बघतात. माझं म्हणणं एवढंच, की सगळ्यात आधी तळमजल्यावर एक खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम आहे का, ते बघा. पुन्हा सांगतो: खाली खोली आणि खोलीला लागून संडास.

चोपड्याकडचं एक कुटुंब. दोन भाऊ, त्यांच्या बायका, तीन मुलं आणि म्हातारी आई, अशी आठ माणसं. जळगावात रो-हाऊस बघायला गेली. खाली हॉल-किचन, वर तीन बेडरूम, नेहमीचाच नकाशा. भाऊ थेट गच्चीवर गेले, सुना किचनमध्ये. आई हॉलमध्येच उभी राहिली आणि तिनं विचारलं, "मनी खाट कथा टाकशात?"

घर दाखवणारा म्हणाला, आजी, तुमची खोली वर आहे, हवेशीर. म्हातारी जिन्यापाशी गेली. पहिल्या पायरीच्या उभ्या बाजूला तिनं वीत लावली, अंगठा खाली, करंगळी वर. वीत पुरती भरली. म्हणजे पायरी साडेसात-आठ इंच उंच, आणि अशा पंधरा-सोळा पायऱ्या. दुखऱ्या गुडघ्यांना 6 इंचांची पायरी पुरे, आणि पाऊल टेकायला 11 इंच तरी रुंदी हवी. त्यात वरची खोली पश्चिमेची, डोक्यावर उघडा स्लॅब. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा अशा खोलीची भिंत रात्री जेवणं झाली तरी गरम लागते.

मग ती जिन्याखालच्या बाथरूमकडे वळली आणि हातातली काठी दारात आडवी धरली. तीन फुटांची काठी, आत जाईना. दार अडीच फुटांचं. चौकट आणि पल्ला वजा केला की हाती 26 इंच उरतात. चाकाची खुर्ची जवळपास तेवढीच रुंद असते. उद्या दोघांनी धरून न्यायची वेळ आली तर तिघं त्या दारातून कशी जाणार? शिवाय दार आत उघडणारं. आत कुणी पडलं की पडलेल्या माणसामुळेच दार अडतं. म्हणून दार तीन फुटांचं आणि बाहेर उघडणारं हवं. तीन फूट, आणि बाहेर उघडणारं.

ते घर त्यांनी सोडलं. जवळच एक जुना बंगला मिळाला, खाली खोली असलेला. बाथरूमचं दार तिथेही लहानच होतं, पण भिंत साध्या विटांची होती, कॉलम मध्ये येत नव्हता. दार रुंद करून, वर नवं लिंटेल टाकून मगच ताबा द्यायचा, हे त्यांनी साठेखतात लिहून घेतलं. तोंडी बोलण्यावर राहिले नाहीत, हे फार बरं केलं.

जाता जाता स्वयंपाकघराचं बोलतो. दोन जावा एकमेकींना धक्का न लागता उभ्या राहतील आणि एखादीला खाली बसून कळण्याची भाकरी थापता येईल एवढी जागा नसेल, तर ग्रॅनाइट घेऊन काय करायचं? मागे थोडं अंगणही हवं. भरिताची वांगी पऱ्हाटीच्या काड्यांवरच भाजावीत, गॅसवर नाही, या मताचा मी आहे.

पाण्याचा हिशेब करा. माणशी दिवसाला 135 लिटर धरलं, तर आठ माणसांना 1,080 लिटर लागतं. नळ तीन दिवसांआड येत असेल तर जमिनीतली टाकी 5,000 लिटरची हवी.

आता विकायच्या गावच्या घराचे कागद. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे कर आकारणीचा उतारा. तो मालकीचा पुरावा नव्हे. मिळकत पत्रिका काढा, वडिलांच्या पश्चात वारस नोंद झाली आहे का बघा. आणि बहिणी! वडिलोपार्जित घरात हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच वाटेकरी आहे. वडिलांनी स्वतः घेतलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तरी तिला भावाएवढाच वाटा. इसार घेण्याआधी बहिणींशी बोला, नंतर नाही. त्यांनी हक्क सोडला तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. साध्या स्टॅम्पवरच्या सहीला अर्थ नाही. आणि त्यांनी वाटा मागितला, तर तो त्यांचाच आहे, तोंड वाकडं करू नका.

आई-वडील मुलाच्या नावावर घर करून देणार असतील, तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लिहा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 प्रमाणे, अट मोडली तर न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येतं. अट लिहिलेली नसेल तर भांडण लांबतं.

आणि म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल, तर त्याला उचलून दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊ नका. अर्ज करून फी भरली की गृहभेटीची सोय आहे. अधिकारी घरी येऊन सही-अंगठा घेतात.