पाचारण दोघांना हवं

(ज्येष्ठांच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

मला दिलेला विषय आहे 'निवृत्त जोडप्याने मिशनसेवा कशी करावी'. 'कशी करावी' याची उत्तरं बहुतेक सोपी आहेत. तब्येत नीट तपासून घ्या, रोजची औषधं तिथे मिळतील का ते आधी विचारा, पेन्शनचे आणि विम्याचे कागद एका फाइलमध्ये लावा आणि ती फाइल कुठे ठेवली आहे हे मुलांना सांगा. एवढं केलं की निघता येतं. मला बोलायचंय ते त्याआधीच्या गोष्टीबद्दल. जायचं कोणी ठरवलं? दोघांनी, की एकाने ठरवलं आणि दुसऱ्याने मान डोलावली?

बायबलातल्या उत्पत्तीच्या 12व्या अध्यायात अब्राम हारान सोडून निघतो तेव्हा तो 75 वर्षांचा आहे. साराय त्याच्याहून 10 वर्षांनी लहान, म्हणजे 65ची. आपल्या शास्त्रातलं हे पहिलं वयस्कर जोडपं, जे देवाच्या शब्दावर घर सोडून निघालं. अब्रामाला देव काय म्हणाला ते लिहिलंय. साराय काय म्हणाली, ते लिहिलेलं नाही. हा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले, पण तिच्याच वयाच्या आसपास आमच्या घराला कुलूप लावायची वेळ आली, तेव्हा ती न लिहिलेली ओळ मला फार हवीशी वाटली. कपाटातलं काय कोणाला द्यायचं, काय झाकून ठेवायचं, कुंड्यांना पाणी कोण घालणार, नातवंडांना काय सांगायचं, हे सगळं तिनेही केलं असणार. कोणत्या मनाने केलं, ते कळलं असतं तर बरं झालं असतं.

इंग्लंडहून भारतात आलेला मिशनरी विल्यम केरी आपल्याला परका नाही. त्याचं मराठी व्याकरण 1805 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं. आपण त्याचं नाव आदराने घेतो आणि घ्यायलाच हवं. पण 1793 मध्ये तो इंग्लंडहून निघाला तेव्हा त्याची बायको डॉरथी यायला तयार नव्हती. ती गरोदर होती. पहिल्या जहाजाचा बेत फिसकटला, मधल्या काळात ती बाळंत झाली आणि मग, बहीण बरोबर येणार असेल तर येते, असं म्हणून थोड्या आठवड्यांचं मूल घेऊन ती निघाली. पुढच्याच वर्षी तिचा पाच वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर तिचं मन सावरलं नाही. 1807 मध्ये ती वारली तोवर घरात ती एका खोलीत आणि तो दुसऱ्या खोलीत भाषांतर करत बसलेला, असे दिवस त्या घराने पाहिले. केरीच्या कामाची थोरवी सांगताना डॉरथीला एका वाक्यात उरकू नये, असं मला कळकळीने वाटतं. तिचा होकार थकलेल्या माणसाचा होकार होता.

याच्या उलट आपल्या घरचं उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई बरोबर गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग एकत्र आल्यावरही आपला धर्म पाळत राहिल्या आणि 1900 मध्ये, स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या मधल्या वर्षांत दोघांनी किती सोसलं ते आपण जाणतो. पण पुढे लक्ष्मीबाई ज्या ताकदीने उभ्या राहिल्या, ती ताकद त्या उशिरा आणि स्वतःहून दिलेल्या होकारातून आलेली आहे, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या जोडप्यांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगते. वेगवेगळ्या खोल्यांत बसून प्रार्थना करा आणि वेगवेगळं लिहून काढा : मला का जायचंय, मला कशाची भीती वाटते, काय मागे टाकवत नाही. मग कागद बदलून वाचा. आमच्या ह्यांच्या कागदावर, निवृत्तीनंतर घरात आपला कोणाला उपयोग उरला नाही, असं लिहिलेलं होतं. एवढा मोठा संसार बरोबर केला, पण हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

आम्ही गेलो ते एका मिशन रुग्णालयात. मी आयुष्यभर नर्सिंग केलेलं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मला काम होतं. शिकाऊ मुली मागे-पुढे, वॉर्डातून हाका. ह्यांना मात्र कोणी ओळखत नव्हतं. कचेरीत मोठ्या पदावर राहिलेला माणूस तिथे 'सिस्टरचे मिस्टर' झाला. केसपेपरच्या खिडकीवर बसायचं आणि दोन दिवस रजा हवी असेल तर मुलाच्या वयाच्या व्यवस्थापकाकडे अर्ज द्यायचा. संध्याकाळी खोलीवर आल्यावर मी दिवसभराचं सांगत सुटायची आणि हे गप्प. आम्ही एक नियम केला. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर जेवण होईपर्यंत रुग्णालयाचा विषय काढायचा नाही. सुरुवातीला बोलायला काही सुचेना. मग हळूहळू सुचायला लागलं.

ह्यांचं काम त्यांना सापडलं ते त्याच खिडकीवर. गरीब रुग्णांना मदतीसाठी अर्ज करावे लागतात. कोणता दाखला जोडायचा, नावात फरक असेल तर काय करायचं, अंगठा कुठे उठवायचा, हे लोकांना कळत नाही आणि विचारायची भीती वाटते. ह्यांची सगळी नोकरी कागदांत गेलेली. एकेका माणसाला समोर बसवून, चष्मा पुसून, रकान्यावर बोट ठेवत ते अर्ज भरून देऊ लागले. पुढे लोक 'काकांची खिडकी कुठली' असं विचारत यायचे. मला त्यांचा तेव्हा जो अभिमान वाटला, तो त्यांच्या बढतीच्या वेळीही वाटला नव्हता.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 18 मधलं अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं मला फार जवळचं आहे. रोमी सम्राट क्लौद्याच्या हुकुमाने रोम सोडावं लागलेले, करिंथात तंबू करून पोट भरणारे. पौल त्यांच्या घरी राहिला, त्यांच्याबरोबर कामाला बसला. पुढे अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला त्यांनी आपल्याकडे बोलावून घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. चारचौघांत त्याची चूक काढली नाही. घरात बसवून सांगितलं. वयस्कर जोडप्याने करण्यासारखं काम हेच आहे. तरुण स्वयंसेवकांचं आपापसांत बिनसलं, कोणाला घरची ओढ लागली, कोणाचं लग्न ठरत नव्हतं, की ती मुलं आमच्या खोलीवर यायची. आम्ही फारसा सल्ला दिला नाही. दोन माणसं एकमेकांशी मतभेद ठेवूनही नीट बोलतात, हे पाहायलाच त्यातली काही येत असावीत.

एक सकाळ सांगते. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती, नवरा आत. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. दुपारपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "तुमचे मालक कुठं असतात?" मी खिडकीकडे बोट दाखवलं. ती बराच वेळ ह्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हातारपणी दोघं बरोबर हाय म्हणायचं." आणि मग आपल्या नवऱ्याबद्दल बोलायला लागली, ते संध्याकाळपर्यंत. एकटी गेले असते तर ती माझ्याशी बोलली असती का, सांगता येत नाही.

तिला मी सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगितली का, असं मला नंतर एका बैठकीत विचारलं गेलं. नाही सांगितली. सलाइन लावलेला माणूस आणि बाहेर बिलाच्या चिंतेत बसलेली त्याची बायको, यांना आपल्याला 'नको' म्हणता येत नाही. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला अर्थ काय? प्रार्थना करू का, असं विचारावं. नको म्हणाले तर पाण्याची बाटली भरून आणून द्यावी. प्रभूने कितीतरी आजाऱ्यांना आधी कबुली न मागता बरं केलं.

आता पैशांचं. मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चर्चची शिकवण आपल्याहून वेगळी आहे, पण निवृत्त जोडप्यांच्या सेवेची त्यांची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. जोडपी 6, 12, 18 किंवा 23 महिन्यांसाठी जातात, आपला खर्च आपण करतात आणि तरुण मिशनऱ्यांचं कडक वेळापत्रक त्यांच्यावर लादलं जात नाही. मुदत ठरलेली असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. परतायची तारीख ठरलेली असली की मागे राहिलेल्या मुलांनाही धीर येतो आणि 'झेपत नाही' हे कबूल करणं सोपं जातं. एक गोष्ट मात्र आपण पाळली पाहिजे. आपण बिनपगारी काम करतो म्हणून एखाद्या पगारी माणसाची जागा जात असेल, तर ते काम घ्यायचं नाही.

काल एका भावांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मला जायचंय, पण हिची तयारी नाही. काय करू?" मी त्यांना म्हटलं, थांबा. तिचं मन वळवायला पाळकांना मध्ये घालू नका, मुलांकडून सांगून बघू नका. तिला विचारा की तिला काय सोडवत नाही. कदाचित तिची म्हातारी आई असेल, कदाचित इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच घर तिच्या मनासारखं शांत झालं असेल. त्यांनी विचारलं, "आणि ती कधीच तयार झाली नाही तर?" तर जाऊ नका. आठवड्यातले दोन दिवस राहत्या ठिकाणच्या रुग्णालयात द्या, तिथेही केसपेपरच्या खिडकीसमोर रांग असतेच, आणि संध्याकाळी घरी या.