बाटलीची गोष्ट आणि तिच्या पुढचे पोल्ज

(पशुप्रजननशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

जनावरांचं रेत (वीर्य) गोठवून टिकवण्याची वाट दाखवणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पोल्ज म्हटलं की बाटलीची गोष्ट येतेच, म्हणून ती आधी उरकून घेऊ. लंडनमध्ये मिल हिलच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये ॲलन पार्क्स, ऑड्री स्मिथ आणि विशी नुकतीच ओलांडलेले पोल्ज कोंबड्याचं रेत उणे ७९ अंशांवर, म्हणजे कोरड्या बर्फाच्या तापमानाला, टिकवू पाहत होते. फ्रुक्टोज ही साखर घालून काही जमेना. द्रावणं शीतगृहात पडून राहिली. काही महिन्यांनी त्यातलंच एक वापरलं, तर वितळल्यावर शुक्राणू चक्क हलताना दिसले. फ्रुक्टोजचं ताजं द्रावण केलं, तर पुन्हा पाटी कोरी. उरलेलं जुनं द्रावण तपासायला दिलं. त्यात साखर नव्हतीच. ग्लिसरॉल आणि प्रथिन निघालं. ऊतींचे काप काचपट्टीवर चिकटवण्याचं ते मिश्रण होतं, लेबलांची अदलाबदल झाली होती. शोधनिबंध १९४९ साली 'नेचर'मध्ये आला.

नशिबाचा वाटा एवढाच. पुढची चार दशकं मेहनतीची आहेत, आणि आपल्या कामाचं ते तिथेच आहे.

पहिली अडचण लगेच आली. वितळलेले शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली छान पोहत, पण कोंबड्यांची अंडी फळत नसत. कोंबडीच्या प्रजननमार्गात ग्लिसरॉलच आडवं येत होतं. रेतनाआधी, म्हणजे रेत मादीत सोडण्याआधी, ते हळूहळू काढून टाकल्यावर १९५१ च्या सुमारास पिल्लं मिळाली. हालचाल दिसली म्हणजे फलनक्षमता टिकली असं नाही, हे तेव्हाच ठरून गेलं. आपल्याकडे अजूनही काही जण नुसती हालचाल बघून कांडी (गोठवलेल्या रेताची बारीक नळी) पास करतात, ते सोडा.

वळूच्या रेताला मात्र ग्लिसरॉल मानवलं. गाईला त्याचा त्रास नाही. १९५२ मध्ये पोल्ज आणि लायनेल रोसन यांनी गोठवलेल्या रेताने गाई गाभण राहतात हे दाखवून दिलं. कारण समजून घ्या. पाणी गोठू लागलं की बर्फ वेगळा होतो आणि उरलेल्या द्रवात क्षार दाटत जातात. पेशी आक्रसते, तिचं बाहेरचं पटल फाटतं. ग्लिसरॉल असलं की त्याच तापमानाला कमी पाणी गोठतं, म्हणून क्षारही कमी दाटतात. हे स्पष्टीकरण १९५३ मध्ये त्याच संस्थेतल्या जेम्स लव्हलॉक यांनी तांबड्या पेशींवर काम करून दिलं. हो, पृथ्वी एखाद्या सजीवासारखी वागते असं सांगणाऱ्या गाया सिद्धान्तवालेच! थंडावणं फार मंद झालं तर क्षार मारतात, फार झपाट्याने झालं तर पेशीच्या आतच बर्फ होतो. मधला वेग प्रत्येक जनावराचा निराळा.

आजची पद्धत त्याच पायावर उभी आहे. रेतात मिसळायच्या द्रावणात अंड्यातला पिवळा बलक सुमारे २० टक्के, ट्रिस (आम्लता स्थिर ठेवणारं रसायन), सायट्रिक आम्ल, फ्रुक्टोज, ग्लिसरॉल ६ ते ७ टक्के आणि प्रतिजैविकं. बलक ५ अंशांपर्यंतच्या थंडीच्या धक्क्यापासून वाचवतो, ग्लिसरॉल पुढच्या गोठण्यापासून. दोघांची कामं वेगळी आहेत. रेत हळूहळू ४-५ अंशांवर आणून तिथे काही तास मुरू द्यायचं, मग नायट्रोजनच्या वाफेत गोठवून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचं. पाव मिलीच्या कांडीत साधारण २ कोटी शुक्राणू. इतकं करून गोठ्यात घात होतो तो नायट्रोजनच्या कंटेनरच्या तोंडाशी: कांडी शोधताना कॅनिस्टर (आतला कांड्यांचा डबा) कंटेनरच्या मानेच्या वर उचलून धरला की बारीक कांड्या काही सेकंदांत तापतात, बर्फाचे लहान स्फटिक मोठे होतात. परत बुडवल्याने ते नुकसान भरून येत नाही. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद ठेवायची, पुसून कोरडी करायची आणि लगेच वापरायची. पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्राणूंना इजा होते.

केंब्रिजच्या ॲनिमल रिसर्च स्टेशनमध्ये पोल्ज डुकरांकडे वळले, आणि माझ्या मते त्यांचं सर्वांत कठीण काम हेच. भ्रूणांची संख्या मुद्दाम कमी करून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये दाखवलं, की सुरुवातीच्या दिवसांत गर्भाशयात किमान ४ भ्रूण नसतील तर डुकरीण सहसा गाभण राहत नाही. पुन्हा माजावर येते. गाईला एक पुरतो. भ्रूण प्रत्यारोपण करताना हा हिशेब चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही हात रिकामे राहतात.

डुकराचं रेत १५ अंशांखाली नेलं की पटलाला धक्का बसतो. ग्लिसरॉलही जास्त चालत नाही, २-३ टक्क्यांवरच थांबावं लागतं. १९७० मध्ये पोल्ज, सॅलमन आणि पोल्ज यांचे विद्यार्थी इयन विल्मट यांनी गोठवलेलं रेत शस्त्रक्रियेने थेट बीजवाहिनीत सोडलं, तेव्हा फलन झालं. म्हणजे काही शुक्राणू वाचत होते, पण तिथवर पोचण्याइतके टिकत नव्हते. १९७४ मध्ये भ्रूणांचंही तेच दिसलं: १५ अंशांखाली मरण. विल्मट आणि रोसन यांनी १९७३ मध्ये गोठवलेल्या भ्रूणापासून वासरू मिळवलं होतं, पण ती रीत डुकराला लागू पडेना. वीसेक वर्षांनी जपानी संशोधकांनी भ्रूणातले मेदाचे थेंब काढून टाकले, तेव्हा ते थंडी सोसू लागले. वराहपालनात आजही बहुतेक रेतन गोठवलेल्या नव्हे, १७ अंशांवर ठेवलेल्या द्रवरूप रेतानेच होतं.