नगरच्या किल्ल्यात मेलेला कोल्हापूरचा राजा

(दृश्य : भवानी मंडप, सकाळची वर्दळ)

शाहू महाराजांबद्दल कोल्हापुरात कुणालाही विचारा, रिक्षावालासुद्धा चार गोष्टी ऐकवेल. पण महाराज दत्तक आले ते कुणाच्या गादीवर? इथं भले भले अडखळतात, आणि थेट ताराराणींपर्यंत मागं जातात.

मधला राजा म्हणजे चौथे शिवाजी महाराज. मूळचे नारायणराव भोसले.

३० नोव्हेंबर १८७० ला कोल्हापूरचे तेव्हाचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना इटलीत, फ्लोरेन्सला वारले. वय अवघं वीस. आर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी दिला. तिथं छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आजही आहे. इकडं गादी रिकामी. पुढच्या वर्षी आठ वर्षांचा नारायण राजवाड्यात दत्तक आला, छत्रपती झाला. छत्रपती नावाचा, सूत्रं इंग्रज सरकारच्या पोलिटिकल एजंटच्या हातात.

पोर वयात येतंय तोवर बोभाटा झाला : राजाला वेड लागलंय. लोक म्हणत, लागलं नाही, छळून लावलंय. आणि बोट दाखवत कारभारी माधवराव बर्व्यांकडं.

(दृश्य : 'केसरी'चा जुना अंक)

पुण्याचा 'केसरी' तेव्हा जेमतेम वर्षाचा. टिळक, आगरकर दोघंही पंचविशीतले. बर्व्यांच्या नावावरची काही पत्रं त्यांच्या हाती लागली आणि त्या भरवशावर त्यांनी कारभाऱ्यांना फैलावर घेतलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. पत्रं बनावट निघाली! दोघांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची सजा झालीच. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले आणि पुण्याचे हिरो झाले.

पण खटला चालला तो बर्व्यांच्या अब्रूचा. राजाचा खरंच छळ होतोय का, हा सवाल पत्रांबरोबरच बाद झाला. मला विचाराल तर या प्रकरणातली सगळ्यात मोठी ठेच हीच. पत्रं खोटी म्हणून छळही खोटा, असं थोडंच होतं?

(दृश्य : अहमदनगरचा भुईकोट किल्ला, खंदक)

त्याच वर्षी राजाला कोल्हापुरातून हलवून नगरच्या किल्ल्यात ठेवलं. हो, पुढं नेहरूंना ठेवलं तोच. कारभारासाठी कागलचे आबासाहेब घाटगे रीजंट, म्हणजे राजाच्या वतीनं राज्य चालवणारे, नेमले गेले. राजाभोवती गोऱ्या शिपायांचा पहारा. त्यातला एक ग्रीन.

२५ डिसेंबर १८८३. नाताळचा दिवस. राजाची आणि ग्रीनची झटापट झाली आणि त्या मारानं राजा गेला. सरकारी म्हणणं असं, की राजानंच आधी अंगावर धाव घेतली. राजाचं म्हणणं काय होतं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. वय वीस. राजाराम महाराजांइतकंच.

तीन महिनेही झाले नव्हते. १७ मार्च १८८४ ला राजाच्या विधवा पत्नी आनंदीबाईंनी रीजंट आबासाहेबांच्याच थोरल्या मुलाला, नऊ वर्षांच्या यशवंतरावाला, मांडीवर घेतलं. मुलाचं नाव बदलून शाहू ठेवलं.