टेकडीचं मुद्दल

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'टेकडीवर कसं जावं'. त्यावर येतोच. आधी एक हिशेब मांडू द्या.

नाशिकची पांडवलेणी इथं सगळ्यांनी पाहिलेली आहे, कुणी शाळेच्या सहलीत, कुणी पाहुण्यांना दाखवायला. पण दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत थांबून किती जणांनी भिंत पाहिली? तिथं क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे कोरीव लेख आहेत. त्यातला ४२व्या वर्षाचा लेख म्हणजे चोख जमाखर्च आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्यानं ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिले, पण ते त्यांच्या हातात दिले नाहीत. जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. २००० दरमहा शेकडा एक व्याजानं, उरलेले १००० शेकडा पाऊण टक्क्यानं. आता तोंडी करा. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. पावसाळ्यात राहणारे भिक्षू २०, प्रत्येकाला चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, १२. वीस बारे दोनशे चाळीस! एक नाणं उरत नाही, एक कमी पडत नाही. पुढं अट कोरलीय, 'अपडिदातवा वधिभोजा'. मुद्दल परत करायचं नाही, फक्त व्याज खायचं.

हा लेख ज्या डोंगरावर कोरलाय, त्याच त्रिरश्मीचं मुद्दल आपण पायानं उडवतोय. हे मुद्दल म्हणजे माती. आपल्याकडं खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम आणि त्यावर कुठं वीतभर, कुठं चार बोटं माती. गवत, सावली, करवंदं, पाखरं हे सगळं त्या चार बोटांवरचं व्याज. नुसत्या फोडलेल्या दगडापासून तेवढी माती व्हायला शेकडो वर्षं लागतात.

आणि ती जाते कशानं? आडवाटेनं. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय.

पायवाट नागमोडी असते ती चढ मवाळ व्हावा म्हणून. वळण आलं की कुणीतरी दहा पावलं वाचवायला सरळ खाली उतरतो. महिन्याभरात गवत चिरडून जातं. पायाखाली माती थापली जाते, मग पाणी मुरत नाही, वाहतं. उतार सरळ, म्हणून वेग जास्त. पहिल्या जोरदार पावसात बोटभर ओघळ पडतो, दुसऱ्या पावसाळ्यात त्यात पाय मावतो. मग ओघळीत पाय मुरगळतो म्हणून लोक तिच्या कडेनं चालतात आणि वाट रुंदावत जाते. अशा वाटेच्या कडेचा एखादा साग वाकून पाहा. बुंध्याखाली मुळं उघडी पडलेली असतात, त्यांची साल पायांनी घासून गुळगुळीत झालेली असते. ती मुळं पूर्वी जमिनीत होती. त्यांच्या उंचीइतकी माती गेली, असा सरळ अर्थ.

दुरुस्ती अवघड नाही, पण ती अर्धवट केली जाते. आडवाटेच्या खालच्याच तोंडाशी काटे टाकतात, मग वरून उतरणारा येतोच. बोराटीच्या फांद्या दोन्ही तोंडांशी टाका, बुडखा जमिनीत पुरून, नाहीतर वाऱ्यानं उडतात. ओघळीत अनघड दगडांचे छोटे बांध घाला. काम माथ्याकडून पायथ्याकडं करा, कारण वरचं पाणी मोकळं असेल तर खालचा बांध पहिल्याच पावसात जातो. पाया कठीण मुरुमापर्यंत खणा, मोठे दगड खालच्या अंगाला लावा आणि बांधाचा मधला भाग दोन्ही कडांपेक्षा खाली ठेवा. इथंच सगळे चुकतात! मध्य उंच राहिला की पाणी कडेनं वाट काढतं आणि बांधाच्या बाजूला नवी ओघळ पडते. मागं गाळ साचला की त्यात गवताचं बी टाका.

झाडांबद्दल एवढंच, की गिरिपुष्प वाढतं झपाट्यानं, पण ते आपल्या मातीतलं नाही. नव्यानं लावायचं तर खैर, पळस, आपटा, काटेसावर लावा आणि खड्ड्यापेक्षा तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची तजवीज आधी करा. उषवदातानं तेच केलं होतं, लेण्याबरोबरच पुढच्या खर्चाची कायमची सोय.

आयोजक घड्याळ दाखवताहेत. तेव्हा मुख्य विषय आता भराभर.

पहाटे अंधारात एकट्यानं जाऊ नका, नाशिकच्या आसपास बिबट्या आहे. उजाडल्यावर निघा, लहान मुलांना मधे ठेवा. उन्हाळ्यात माणशी किमान लिटरभर पाणी घ्या. सपाट तळव्याची चप्पल नको. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाय आडवा टाकून उतरा. माकडांना खाऊ देऊ नका, ती पिशव्या ओढायला शिकतात.

कड्याला आग्या मोहोळ असेल तर धूर, अत्तर, आरडाओरडा, दगड मारणं यांतलं काहीही नको. माश्या उठल्याच तर हात हलवू नका, तोंडावर कापड घेऊन न थांबता दूर जा. काटा नखानं खरवडून ताबडतोब काढा, उशीर करू नका. खूप डंख बसले किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना.

माघापासून पाऊस येईपर्यंत गवत वाळलेलं असतं. विडीचं एक थोटूक पुरतं. आगीनंतर बारमाही गवत पुन्हा फुटतं, पण दोन-तीन वर्षांची रोपं संपतात. आग दिसली तर उताराच्या वरच्या बाजूला थांबू नका, ज्वाळा वर लवकर चढतात. बाजूनं खाली या आणि वनखात्याला कळवा. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, होळीच्या आधी साफ हव्यात, नंतर त्यांचा उपयोग नाही.

वळणावर मागून येणाऱ्याला वाट द्यायची असेल तर डोंगराच्या अंगाला उभे राहा, दरीकडच्या कडेला नाही. ती कड सगळ्यात आधी ढासळते.