नसलं तर अडेल का?

मंडळी, डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची बारावी आवृत्ती २०२३ च्या जूनमध्ये आली तेव्हा तिच्या भांडारात ६४ हजारांवर पॅकेजेस, म्हणजे टाकायला तयार सॉफ्टवेअरचे गठ्ठे, होती. डेस्कटॉप न घेता कोरं डेबियन टाकलंत, तर त्यातली जेमतेम काहीशे मशीनवर उतरतात. ती कोणती, हे ठरवायचं कसं? पॅकेज चांगलं की वाईट, हा इथे मुद्दाच नसतो.

प्रत्येक पॅकेजला प्राधान्य दिलेलं असतं: रिक्वायर्ड, इंपॉर्टंट, स्टँडर्ड, ऑप्शनल. त्यातल्या इंपॉर्टंटची डेबियनच्या धोरणातली कसोटी मला फार आवडते. युनिक्समध्ये, म्हणजे डेबियनसारख्या सिस्टीम जिच्या वळणावर बेतल्यात त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, मुरलेल्या माणसाला एखादी गोष्ट मशीनवर सापडली नाही आणि ‘हे चाललंय तरी काय, कुठे गेलं ते?’ असं त्याच्या तोंडून निघालं, तर ते पॅकेज या वर्गातलं! ईमॅक्स हा संपादक आणि टेक्स ही अक्षरजुळणीची प्रणाली, अशा अवजड मंडळींना मात्र तिथेच नावानिशी दार बंद केलंय.

पण वैताग काय, सवयीचाही असतो. २०१७ मध्ये नवव्या आवृत्तीतून नेट-टूल्स हे नेटवर्कच्या जुन्या आज्ञांचं पॅकेज मूळ संचाबाहेर गेलं. जुन्या मंडळींची बोटं ‘आयएफकॉन्फिग’ टाइप करायची आणि समोर ‘कमांड नॉट फाउंड’. बरीच कुरकुर झाली. काम मात्र कोणाचं अडलं नाही, कारण तेच काम करणारी ‘आयपी’ ही नवी आज्ञा तिथे होतीच. बाराव्या आवृत्तीत सिस्टीमच्या घडामोडींच्या नोंदी ठेवणाऱ्या आरसिसलॉगचंही तेच झालं. त्या नोंदी जर्नलडी हा दुसरा प्रोग्राम ठेवतच होता.

सगळ्यात अवघड जात ‘इसेन्शियल’ची. हा प्राधान्याहून वेगळा शिक्का. हा शिक्का असलेल्या पॅकेजवर आपण अवलंबून आहोत, हे इतरांनी जाहीर करायची गरजच नसते. म्हणजे त्यावर कोण कोण टेकून उभं आहे, याची कुठे नोंदच नाही. एकदा आत घेतलं की बाहेर काढणं महाकठीण. तुम्ही स्वतःच्या मशीनवरून ते काढू गेलात, तर पॅकेजेस टाकणारं-काढणारं ॲप्ट वर्षानुवर्षं तुमच्याकडून ‘येस, डू ॲज आय से!’ हे अख्खं वाक्य उद्गारचिन्हासकट टाइप करून घ्यायचं. योग्यच करायचं.

माझ्या मते खरा प्रश्न एकच: हे नंतर घेता येईल का? वायफायचं फर्मवेअर घ्या, म्हणजे वायफायची चिप चालायला लागणारं तिचं आतलं सॉफ्टवेअर. ते मुक्त नाही, म्हणजे त्याचा सोर्स कोड खुला नसतो, म्हणून डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचं. लॅपटॉपला केबलचं भोक नसेल, तर इन्स्टॉलर अमुक नावाची फाइल पेन ड्राइव्हवर आणून द्या म्हणायचा. ती फाइल इंटरनेटवर, आणि इंटरनेट सुरू व्हायला तीच फाइल हवी! दुसरं मशीन हाताशी नसलेल्याने काय करायचं? २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून सामाजिक करार, म्हणजे प्रकल्पाने वापरकर्त्यांना दिलेलं वचनपत्रच, बदलला आणि बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये आलं. विरोध करणारे हटवादी होते असं मी म्हणणार नाही. आपल्या मशीनवर काय चालतंय हे वाचता यावं, हा त्यांचा आग्रह रास्तच आहे. त्यांच्यासाठी सोयही ठेवली आहे: बूट करताना ‘फर्मवेअर=नेव्हर’ एवढं द्यायचं.