सोळाशेच्या पलीकडे

राम राम मंडळी. पहाटे पाच-साडेपाचला गावाबाहेरच्या डांबरी रोडवर कधी चक्कर मारली का? अंधारात मोबाइलचा टॉर्च हलताना दिसतो, मागून दम टाकल्याचा आवाज येतो, अन् मग कळतं की आपलीच पोट्टी पळून राहिली. थांबवून विचारा, काय पळतो रे बावा, तर उत्तर ठरलेलं, "सोळाशे". पोरींना विचारलं तर "आठशे". पोलीस भरतीत पोरांना 1600 मीटर, पोरींना 800, दोघांनाही 100 मीटर अन् गोळाफेक, सगळं मिळून 50 मार्क, त्यामुळे गावात पळायचे प्रकार तेवढेच उरलेत. गंमत म्हणजे ऑलिंपिकमध्ये सोळाशेची एकट्याने पळायची शर्यतच नाही, तिथे 1500 असते, म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकला पावणेचार फेऱ्या.

आता 100 मीटरचं घ्या. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्या माणसाला ही शर्यत वेगळी समजवायची गरज नाही, सगळा खेळ सुटण्याचा अन् सेकंदाचा. पटात जोडी कशी सुटली यावरच अर्धा निकाल लागतो ना, तसंच इथे. फक्त इथे नियम लय कडक, गोळीचा आवाज झाल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पाय हलला तरी फॉल्स स्टार्ट धरतात, कारण आवाज ऐकून इतक्या लवकर माणूस हलूच शकत नाही, म्हणजे त्याने अंदाजानेच उडी मारली. अन् 2010 पासून तर पहिल्याच चुकीला बाहेर. 100, 200, 400 या तिन्ही शर्यती शेवटपर्यंत आपापल्या लेनमध्येच, म्हणजे आखून दिलेल्या पट्ट्यातच पळायच्या.

800 चं मात्र तसं नाही, अन् हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. दहावीत असताना जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत माझं नाव 800 मध्ये टाकलं, कारण 100 मध्ये जागा भरल्या होत्या. फक्कीने आखलेलं मैदान, कॅनव्हासचे बूट, मला सहावी लेन. या शर्यतीत पहिलं वळण संपलं की सगळ्यांनी लेन सोडून आतल्या बाजूला यायचं असतं. बाकीचे आले. मी आपला इमानदारीने सहाव्या लेनमध्येच, पूर्ण दोन फेऱ्या! मला वाटलं हे सगळे फाऊल करून राहिले, आता बाद होतील अन् पहिला नंबर आपलाच. नंतर हिशेब केला, एक लेन 1.22 मीटर रुंद, म्हणजे दर वळणावर एका लेनमागे पावणेचार-एक मीटर जास्त, पाच लेन बाहेर, तीन वळणं, म्हणजे बाकीच्यांपेक्षा 55-57 मीटर मी फुकटचा पळलो. वरून पहिली फेरी शंभराच्या जोरात मारलेली, दुसऱ्या फेरीत मांड्यांचे दगड झाले. पीटीचे सर एवढंच म्हणाले, "काऊन बे, गावाला प्रदक्षिणा घालून राहिला का?"

आपल्या पोरांसाठी खरी चीज मला वाटते ती 3000 मीटर स्टीपलचेस. 28 वेळा अडथळा ओलांडायचा अन् 7 वेळा पाण्यावरची उडी. साध्या हर्डल्समध्ये पाय लागला तर हर्डल आडवं पडतं, इथला लाकडी ओंडका काही हलत नाही, पडलात तर तुम्हीच पडता. ओंडक्यावर पाय देऊन गेलं तरी चालतं. मूळ खेळ इंग्लंड-आयर्लंडकडच्या खेड्यांतला, एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत कुंपणं अन् नाले ओलांडत जायचं. म्हणजे काय, तर धुऱ्यावरून उडी, नाल्यावरून उडी, परत वावरातून पळ, हे तर आपण डुक्कर हाकलताना रोजच करतो! बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी काही स्टीपलचेस पळत नव्हता, बारावीनंतर लष्करात महार रेजिमेंटमध्ये गेला, तिथे क्रॉस कंट्री, म्हणजे ट्रॅक सोडून मोकळ्या रानातली शर्यत, पळू लागला अन् मग या इव्हेंटमध्ये आला. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सोनं फक्त 0.05 सेकंदाने हुकलं, चांदी मिळाली. माणदेशातली ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या फायनलला दहावी आली.

चालण्याची शर्यत पण असते बरं का, तिला हसू नका, एक पाय कायम जमिनीला टेकलेला पाहिजे अन् पुढचा गुडघा सरळ, दोनशे पावलं तसं चालून पाहा मग सांगा.

तर आमच्या शेजारच्या गल्लीत एक पोरगी आहे, भरतीची तयारी करते. 100 मीटरला नेहमी मागे, त्यामुळे घरचे म्हणतात तुला नाही जमत. मी तिला मागच्या महिन्यात शाळेच्या मैदानावर पाहिलं, बाकीच्या पोरी कडुलिंबाखाली पाणी पीत बसल्या होत्या अन् ही एकटीच फेऱ्या मारत होती, तोंड बंद, नाकानेच श्वास चालू. म्हटलं बाई, तू एकदा 3000 पळून पाहा. "म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर किती फेऱ्या हो काका?" म्हटलं साडेसात.

"एवढ्याच?" म्हणे.