पाव शिळा हवा, सादळलेला नको

(सिंधुदुर्गात घरगुती निवास-न्याहारी चालवणाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'फ्रेंच टोस्ट : दूध, अंडं आणि आच'. त्या तिन्हींकडे मी येणार आहे. पण आधी पावाबद्दल बोलू द्या. टोस्ट बिघडला की आपण अंड्याला नाहीतर गॅसला दोष देतो, आणि बहुतेक वेळा तो पावापाशीच बिघडलेला असतो.

तुमच्याकडचा पाहुणा सकाळी घावणे मागतो, आंबोळी मागतो, आणि त्याच्याबरोबरचं सात वर्षांचं पोर ब्रेड मागतं. मग त्या पोरासाठी बेकरीतून ताजा, लुसलुशीत ब्रेड येतो. तो दुधात बुडतो, उचलताना मधोमध फाटतो, आणि अर्धा तव्यावर जातो तर अर्धा ताटलीतच राहतो. तव्यावर गेलेला वरून तांबूस होतो, आत मात्र लिबलिबीत लगदा. काल उरलेला ब्रेड त्याच ओट्यावर असतो. पण पाहुण्याला शिळं द्यायचं नाही, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. ती शिकवण चांगली आहे. फक्त या एका पदार्थाला ती लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ताज्या पोळीचा लाडू कोणी करतं का? गरम भाताला फोडणी दिली तर त्याचा गिचका होतो, म्हणून फोडणीचा भात रात्रीच्या भाताचाच. फ्रेंच टोस्ट याच घराण्यातला. फ्रान्समध्ये त्याला 'पँ पेर्द्यू' म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव. जर्मन लोक 'गरीब शिलेदार' अशा अर्थाचं नाव देतात. स्पेनमध्ये तो 'तोर्रिहास' म्हणून ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात होतो, पोर्तुगालमध्ये 'राबानादास' म्हणून नाताळात. आपला 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला, तेव्हा हे फार लांबचे पाहुणे नव्हेत. आणि मूळ फ्रान्सचं म्हणावं तर तसंही नाही. 'आपिसियस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाकसंग्रहात पांढऱ्या पावाची कड काढून, तुकडे दुधात भिजवून, तळून वर मध ओतायची कृती आहे. त्यात अंडं नाही. हे लक्षात ठेवा, अंडं न खाणाऱ्या पाहुण्यासाठी शेवटी कामाला येईल.

आता शिळं होणं म्हणजे काय? पाव वाळला की शिळा झाला, असा आपला समज असतो. बूसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये दाखवून दिलं की ओलावा अजिबात उडू दिला नाही तरी पाव शिळा होतोच. भट्टीत पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. पाव गार झाला की तोच स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट बसतो आणि आतला गर ताठ होतो. हा ताठपणा आपल्याला हवा आहे. ताठ गर दूध पितो आणि उभा राहतो. ताजा गर दूध पितो आणि बसतो.

वाळणं ही दुसरी गोष्ट. तीही हवी, कारण उडालेल्या पाण्याच्या जागी दूध शिरतं. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की काप रात्रभर ओट्यावर उघडे ठेवा. ते तिकडच्या कोरड्या हवेत ठीक. आपल्याकडे जुलैत रात्रभर उघडा ठेवलेला पाव सकाळी कसा असतो, हे इथे कोणाला सांगायला नको. पापड सादळतो तसा तो सादळतो. कड चामड्यासारखी चिवट होते, आणि बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहतो. आणखी दोन दिवसांनी कडेला हिरवट ठिपका दिसतो. असा पाव सरळ टाकून द्या. ठिपका कापून उरलेला वापरू नका, बुरशीचे धागे पावाच्या जाळीत दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. शिळा, सादळलेला आणि बुरसलेला, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला फक्त पहिला हवा.

मग कोकणात करायचं काय? फ्रिज. एरवी पाव फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण त्या गारव्यात स्टार्च सगळ्यात लवकर घट्ट होतो. आपल्याला तेच करायचंय! शिवाय फ्रिजमधली हवा कोरडी असते. रात्री काप जाळीवर, एकमेकांना न चिकटवता, उघडे ठेवा. फक्त त्याच कप्प्यात बांगडे नकोत, पाव वास ओढून घेतो. रात्री विसरलात तर सकाळी ओव्हनमध्ये १५० अंशांवर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. ओव्हन नसेल तर कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजू तीन-तीन मिनिटं. रंग येऊ द्यायचा नाही. हाताला वरून खरखरीत लागला की बस. गार झाल्यावरच भिजवा.

कापाच्या जाडीबद्दलही सांगायलाच हवं. पाकिटातला सँडविच ब्रेड जेमतेम सव्वा सेंटिमीटर असतो. आत मऊ राहायला जागाच नसते, दोन्ही बाजूंचे पापुद्रे एकमेकांना भेटतात आणि खाताना अंड्याची पोळी लागते. बेकरीत आधीच सांगून ठेवा की एक ब्रेड मशीनवर कापू नका. घरी सुरीने दोन सेंटिमीटरचे काप करा, अडीचपर्यंत चालतील. आदल्या दिवशीचा ब्रेड कापायलाही सोपा जातो, ताजा सुरीखाली दबतो. ब्रेड नसेल तर लादी पाव घ्या, पण सुटे करू नका. दोन पाव जोडलेले ठेवून उभे काप पाडा. सुट्या पावाच्या फाटलेल्या बाजू दूध भसाभस पितात आणि वरचा तपकिरी भाग कोराच राहतो.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. छापलेला विषय आता भरभर सांगतो, लिहून घ्या.

दोन सेंटिमीटरच्या चार कापांना दोन अंडी, शिवाय एका अंड्याचा फक्त पिवळा बलक, २०० मिलिलिटर सायीसकट दूध, एक टेबलस्पून साखर, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा व्हॅनिला किंवा किसलेलं जायफळ. जादा बलक कशासाठी? अंड्याचा तो उग्र वास पांढऱ्यातून येतो, बलकातून मऊपणा आणि रंग. दूध तापवून पूर्ण गार केलेलं हवं, गरम असेल तर अंडं शिजून गाठी होतात. आधी अंडी, साखर, मीठ आणि मसाला घोटा, मग दूध घाला. दालचिनीची पूड थेट दुधात टाकली तर वर तरंगते आणि पहिल्याच कापाला सगळी चिकटते. साखरेत आधी मिसळली तर पसरते. जायफळ, दालचिनी विकत कशाला आणायची, नारळाच्या बागेत दोन्ही होतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं 'कोकण तेज' दालचिनीचंच वाण आहे. असो. मिश्रण गाळून घ्या, नाहीतर पांढऱ्याचे धागे टोस्टवर ठिपके होऊन दिसतात.

पसरट थाळीत एका बाजूला अर्धा मिनिट, उलटून अर्धा मिनिट. उचलून दोन थेंब गळू द्या, मग तव्यावर. सगळे काप एकदम भिजवून ठेवू नका, जेवढे तव्यावर मावतात तेवढेच. साखर वाढवलीत तर आत शिजण्याआधी बाहेर जळेल, गोडी नंतर काकवीने किंवा मधाने आणा.

बिडाचा तवा उत्तम, पण मासे तळायचा नको. आच मध्यमपेक्षा जरा कमी. नुसतं लोणी घेतलं तर त्यातला दुधाचा अंश करपून काळे कण चिकटतात. म्हणून अर्धं लोणी, अर्धं साजूक तूप. लोण्याचा फेस बसला की काप टाका. एका बाजूला तीन ते चार मिनिटं, आणि मध्ये उचलून बघत बसू नका. आत खरवसासारखं धरलं पाहिजे, आणि ते फक्त सावकाश उष्णतेनेच होतं. मोठ्या आचेवर दोन मिनिटांत रंग येतो आणि मधोमध कच्चं दूध राहतं. उलटल्यावर मधोमध बोटाने दाबा. दबून पुन्हा वर आलं तर झालं. ओलं सुटलं तर आच कमी करून आणखी एक मिनिट. दर खेपेनंतर तवा पुसा आणि नवं तूप घाला.

अंडं न खाणाऱ्यांसाठी २५० मिलिलिटर गार दुधात दोन टेबलस्पून कस्टर्ड पावडर आणि एक टेबलस्पून साखर. पावडर तळाशी बसते, म्हणून प्रत्येक कापाआधी ढवळा, आणि भिजवायचं निम्माच वेळ. त्याला तवा वेगळा ठेवा, पाहुणा विचारतो. नारळाचा जाड रस अर्ध्या दुधाच्या जागी चालतो, मग तूप थोडं कमी घ्या.

झालेले टोस्ट एकावर एक रचू नका, वाफेने खालचा ओला होतो. जाळीवर सुटे ठेवा. बाकीचं शेगडीपाशी दाखवतो. मागे दोन थाळ्यांत काप ठेवलेत, एकीत आज सकाळचे, दुसरीत परवाचे, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेले. आधी दोन्ही हाताने दाबून बघा, मग तव्याजवळ या.